पंचेचाळीस श्वास, पण कोणाचे?

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं घालते. उत्तर लगेच द्यायचं नाही बरं का, जरा डोकं खाजवायचं!

कुणीतरी एका मिनिटात पंचेचाळीस वेळा श्वास घेतला. आता सांगा, ते माणूस बरं आहे की आजारी?

मी माझ्या दुसरीच्या वर्गात हे कोडं घातलं, तेव्हा निम्मी मुलं ओरडली, "बरं!" आणि निम्मी ओरडली, "आजारी!" मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र गप्प होती. तिला उभं केलं तर म्हणाली, "बाई, पण ते माणूस कोण हाय ते तुम्ही सांगितलंच न्हाई की!"

शाब्बास! खरं सांगू? चांगल्या नर्सबाई नेमका हाच प्रश्न आधी विचारतात. आकडा किती, हे नंतर. आकडा कोणाचा, हे आधी.

आमचं गाव केम. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं. मुंबईहून रेल्वेनं सोलापूरकडे निघालात की जेऊरनंतर आणि कुर्डुवाडीच्या अलीकडे आमचं स्टेशन लागतं. केमचं नाव आहे ते कुंकवासाठी. कुंकवाच्या गावची असल्यामुळं मला हळदीची एक गंमत चांगली ठाऊक आहे. हळद पिवळी. पण तिची चुन्याशी गाठ पडली की ती लाल होते. तुमच्या शर्टावर वरणाचा पिवळा डाग पडतो आणि आईनं साबण लावला की तो लालसर होतो, पाहिलंय ना? हळद तीच, पण गाठ कोणाशी पडली त्यावर रंग ठरतो. आजाराच्या खुणांचंही असंच असतं. खूण तीच, पण तान्ह्या बाळात तिचा अर्थ वेगळा, तुमच्यात वेगळा आणि आजीत आणखी वेगळा. हा फरक ओळखणं म्हणजे शुश्रूषेतली पारख. ही पारख मला कशी कळली, ते ऐका.

त्या दिवशी आमच्या घरी

एका पावसाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी नणंद बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ एकवीस दिवसांचं झालं होतं आणि सगळ्या घराला त्याची काळजी लागली होती. का? तर ते झोपेत भरभर श्वास घ्यायचं. मध्येच चार-पाच सेकंद थांबायचं आणि पुन्हा भरभर सुरू! नणंद बिचारी रात्र रात्र त्याच्या पोटाकडे बघत बसायची.

त्याच घरात आतल्या खोलीत माझ्या सासूबाई पडून होत्या. सत्तरी ओलांडलेल्या. मी त्यांना आत्या म्हणते. दोन दिवस त्या भाकरी नको म्हणत होत्या. ताप नव्हता. खोकला होता, पण अगदी थोडा. "काय होतंय, आत्या?" असं विचारलं की म्हणायच्या, "काय न्हाई गं. जरा पडू दे मला." आम्ही म्हटलं, वय झालंय, दमल्या असतील. आणि बाळाच्या गडबडीत ते तिथंच राहिलं.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. तो दोनदा येऊन सांगून गेला, "आई, आजी मला बाबांच्या नावानं हाक मारती." आम्ही सगळे हसलो. मीही हसले. रोज तीस-पस्तीस मुलांचं म्हणणं ऐकून घेणारी मी, घरच्या मुलाचं ऐकून हसले, याचं आजही वाईट वाटतं.

दुपारी आशाताई आल्या. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येऊन बाळाला पाहतात. त्या दिवशी त्यांच्याबरोबर सिस्टरही होत्या. नणंदेनं रडवेली होऊन सगळं सांगितलं.

सिस्टर म्हणाल्या, "आधी त्याला पाजा. शांत होऊ द्या. रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजायचे नसतात."

बाळ शांत झालं. सिस्टरनी झबलं वर केलं, एक डोळा घड्याळावर आणि एक डोळा बाळाच्या पोटावर ठेवला. पोट एकदा वर जाऊन खाली आलं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट त्या मोजत राहिल्या. पंचेचाळीस!

"झकास आहे तुमचं बाळ," त्या म्हणाल्या. "एवढ्या लहान बाळाचे मिनिटाला तीस ते साठ श्वास असतात. मध्ये थोडंसं थांबणंही त्याच्या वयाला धरूनच आहे. म्हणून तर पूर्ण मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं की फसगत होते. दूध ओढतंय, अंग कोमट आहे, रंग चांगला आहे. काळजी नको."

घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माझा मुलगा लगेच पुढं, "सिस्टर, माझे पण मोजा की!" त्याचे बावीस भरले. मग तो म्हणाला, "आता आजीचे!"

सिस्टर हसतच आतल्या खोलीत गेल्या. आत्यांचं मनगट हातात धरून म्हणाल्या, "काय आजी, काय म्हणतोय नातू?" मला वाटलं, नाडी बघतायत. पण त्यांची नजर आत्यांच्या छातीवर होती. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. श्वास भरले तीस.

त्यांनी कपाळाला हात लावला. गरम नव्हतं. थर्मामीटर लावला. ताप नव्हता. मग त्या आमच्याकडे वळल्या आणि एकच प्रश्न विचारला, "आजी रोज कशा असतात?"

आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिलो. उत्तर दिलं ते मुलानं. "रोज आजी सगळ्यांच्या आधी उठती. मला गोष्ट सांगती. कालपास्नं मला बाबाच समजती."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून ऑक्सिमीटर काढून आत्यांच्या बोटाला लावला. आकडा आला अठ्ठ्याऐंशी. निरोगी माणसाचा तो साधारण पंचाण्णवच्या वर असतो.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "बाळ चांगलं आहे. आजींना मात्र आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका."

शेजारच्यांच्या जीपमधून आम्ही आत्यांना कुर्डुवाडीला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला. न्यूमोनिया निघाला. आठ दिवस दवाखान्यात राहून आत्या घरी आल्या आणि नातवाला त्याच्या नावानं हाक मारली.

पाहिलंत? पंचेचाळीस श्वासांचं बाळ ठणठणीत आणि तीस श्वासांची आजी अत्यवस्थ! आम्ही काळजी करत होतो ती भलत्याचीच. रोगाचं निदान डॉक्टरांनी केलं, औषधं त्यांनीच दिली. पण घरातल्या तीन माणसांपैकी कोणाला आणि किती घाईनं न्यायचं, हे ओळखलं सिस्टरनी.

असं का होतं?

आता तुम्ही विचाराल, बाळ एवढं भरभर श्वास का घेतं? त्याचं फुप्फुस इवलंसं. एका श्वासात थोडीच हवा मावते. आणि अंग तर झपाट्यानं वाढत असतं, त्याला प्राणवायू भरपूर लागतो. लहान तांब्यानं मोठी घागर भरायची तर खेपा जास्त माराव्या लागणारच ना!

हृदयाचंही तसंच. तान्ह्या बाळाचं हृदय मिनिटाला एकशेवीस ते एकशेसाठ ठोके टाकतं. तुमच्या वयाच्या मुलांचं शांत बसल्यावर सत्तर ते एकशेदहाच्या आसपास आणि मोठ्या माणसांचं साठ ते शंभर. प्राण्यांतही ही गंमत दिसते. हत्तीचं हृदय मिनिटाला तीसच्या आसपास ठोके टाकतं आणि चिमुकल्या उंदराचं पाचशेहून जास्त!

मग आत्यांना ताप का नव्हता? ताप म्हणजे शरीरानं रोगजंतूंशी मांडलेल्या लढाईची एक खूण. म्हातारपणी ही लढाई मंदावते. त्यामुळं पुष्कळदा आत न्यूमोनिया असूनही अंग तापत नाही. त्याऐवजी म्हातारं माणूस एकाएकी गोंधळतं, जेवण सोडतं, तोल जाऊन पडतं, दिवसभर झोपून राहतं. आणि घरचे म्हणतात, "वय झालं!" वय एका रात्रीत होत नाही, मुलांनो. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज गोंधळली, तर त्यामागं काहीतरी कारण असतं.

तान्ह्या बाळांत याहून उलटी गंमत. त्यांना जंतुसंसर्ग झाला की कधी ताप येतो, तर कधी अंग उलट गार पडतं! म्हणून सिस्टर बाळाचे पोट, हात आणि पाय हातानं चाचपून पाहतात. गार पडलेलं आणि दूध न ओढणारं बाळ तापलेल्या बाळाइतकंच धोक्यात असतं.

एक चिमटा, दोन अर्थ

आणखी एक खूण सांगते. जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं की नाही हे पाहायला लहान मुलाच्या पोटाची कातडी हळूच चिमटीत धरून सोडतात. कातडी पटकन सपाट झाली तर ठीक. हळूहळू खाली गेली तर पाणी कमी पडलंय.

हाच चिमटा आजोबांच्या हाताला घेतला तर? कातडी सावकाश खाली जाते. मग काय, आजोबांच्या अंगातलं पाणी संपलं? छे! वयानं कातडीचा ताणच सैल झालेला असतो. तिथं चिमट्यावर विसंबून चालत नाही. सिस्टर आजोबांची जीभ कोरडी आहे का ते बघतात, लघवी कितीदा झाली ते विचारतात, उठल्यावर चक्कर येते का ते पाहतात. आणि तान्ह्या बाळाची टाळू खोल गेलीय का, डोळे आत गेलेत का, तेही बघतात. टाळूची ही खूण तुमच्यात सापडायचीच नाही, कारण तुमची टाळू कधीच भरून आलीय!

म्हणजे बघा, पुस्तकात खूण एकच लिहिलेली असते. ती कोणाला लावायची आणि कोणाला नाही, हे माणूस समोर पाहून ठरवावं लागतं.

दुखणं कसं मोजायचं?

श्वास मोजता येतो, ताप मोजता येतो. दुखणं कसं मोजणार? त्याला थर्मामीटर नाही. मोठ्या माणसाला विचारतात, "दहापैकी किती दुखतंय?" चार वर्षांच्या मुलाला दहापैकी म्हणजे काय ते कळत नाही. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी एक युक्ती काढली. हसऱ्या चेहऱ्यापासून रडणाऱ्या चेहऱ्यापर्यंत सहा चेहरे ओळीनं काढले आणि मुलांना म्हटलं, तुझं दुखणं यातलं कोणतं ते दाखव. मुलं बोट ठेवून दाखवू लागली!

तान्हं बाळ तर बोटही ठेवू शकत नाही. त्याच्या कपाळाच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, पोटाशी ओढलेले पाय, रडण्याचा सूर हेच त्याचं बोलणं. आणि आजी-आजोबा? त्यांना बोलता येतं, पण ते सांगत नाहीत! "काय न्हाई गं" म्हणून गप्प बसतात. अशा वेळी सिस्टर त्यांच्या तोंडाकडे नाही, चालण्याकडे बघतात. कूस बदलताना चेहरा आवळला का, जेवणाचं ताट तसंच राहिलं का, ते बघतात.

मण्यांचं मोजमाप

तुम्हांला वाटेल, ही सगळी मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातली विद्या. मुळीच नाही! आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांनी ही विद्या जगाला दाखवली आहे.

आमच्या करमाळ्याच्या शेजारचा तालुका जामखेड. तो अहिल्यानगर जिल्ह्यात येतो. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य कामाला लागलं. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. यातल्या कित्येकजणी शाळेची पायरीही न चढलेल्या. पण बाळंतीण कशी तपासायची, जुलाबाच्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, कोणाला दवाखान्यात पाठवायचं, हे त्या नेमकं शिकल्या. या कामासाठी १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढं प्रश्न होता, लहान मुलं न्यूमोनियानं दगावतात, डॉक्टर लांब आहेत, आणि गावातल्या दायांना मोठे आकडे मोजता येत नाहीत. मग श्वास कोण मोजणार? त्यांनी एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाची वाळूची घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोहोचलात तर श्वास जास्त, म्हणजे न्यूमोनियाची शंका. आणि गंमत अशी, की मण्यांची मोजणी दोन होती! एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी आणि एक त्याहून मोठ्या मुलांसाठी. कशाला बरं दोन? तुम्हांला आता उत्तर ठाऊक आहे.

पुढं त्यांनी गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानानं तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळाला भेटायला घरी येतात, त्यामागं ही गडचिरोलीची वाट आहे.

करून पाहा

आता तुमची पाळी. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, वही आणि पेन्सिल घ्या. घरातल्या सगळ्यांचे श्वास आणि नाडी मोजून लिहा. पण तीन नियम पाळायचे.

एक, माणूस शांत बसलेलं किंवा झोपलेलं असावं. पळून आल्याबरोबर मोजायचं नाही.

दोन, पूर्ण साठ सेकंद मोजायचं.

तीन, "तुझे श्वास मोजतोय" असं आधी सांगायचं नाही. सांगितलं की माणसाचा श्वास आपोआप बदलतो. म्हणूनच सिस्टरनी आत्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. कळली ना युक्ती?

वहीत नाव, वय, श्वास, नाडी असे रकाने करा. आणि शेवटी एक रकाना आणखी करा, 'रोज कसे असतात?' आजोबा किती वाजता उठतात, किती भाकरी खातात, चालताना काठी घेतात का, असं काहीही लिहा. हा रकाना सगळ्यांत मोलाचा. सिस्टर किंवा डॉक्टर आजोबांना वर्षातून एखाद्या वेळी पाहतात. तुम्ही रोज पाहता. 'आज काहीतरी वेगळं आहे' हे तुमच्याच आधी लक्षात येतं. मात्र लक्षात आलं की स्वतः वैदू व्हायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं!

पालकांसाठी थोडंसं

लहान मूल शांत असताना पूर्ण मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले, किंवा दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर डॉक्टरांना दाखवा. मोठ्या माणसाचे शांत बसल्यावर १२ ते २० असतात. ते २५ किंवा जास्त असतील तर थांबू नका. आकडा बरोबर असूनही मूल पीत नसेल, छाती आत ओढली जात असेल, पेंगत असेल, तर आकड्याकडे न बघता निघा. मोठ्यांची उरलेली गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. मुलाचं औषध वजनावर ठरतं. आणि म्हाताऱ्यांची मूत्रपिंडं मंद चालतात, त्यांचाही हिशोब वेगळा असतो. आणि मूल आजीबद्दल काही सांगत आलं तर हसू नका. हे मी स्वतःलाही सांगते आहे.

ज्या मुलामुलींना ही पारख शिकावीशी वाटते, त्यांनी बारावीनंतर नर्सिंगचा विचार जरूर करावा. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मुलगेही हा अभ्यास करतात बरं का!

तर मग, कोड्याचं उत्तर? पंचेचाळीस श्वास एकवीस दिवसांच्या बाळाचे असतील तर छान. आठ महिन्यांच्या बाळाचे असतील तरी ठीक. तीन वर्षांच्या मुलाचे असतील तर दवाखान्यात चला. आणि आजीचे असतील तर धावत चला!

माझा मुलगा हल्ली रोज शाळेत जायच्या आधी आजीजवळ जातो, तिचं मनगट धरतो आणि गप्पा मारतो. आत्यांना वाटतं, नातू नाडी बघतोय. तुम्ही मात्र त्यांना खरं सांगू नका हं!